जुन्या नाण्यांचा नवा बाजार

गेल्या दिवाळीच्या सुमारास आमच्या आळीतले एक निवृत्त गृहस्थ रुमालाची पुरचुंडी घेऊन माझ्याकडे आले. पुरचुंडीत सात राणीछाप रुपये होते. त्यांतला एक त्यांनी मोठ्या जपणुकीने माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाले, "मास्तर, हा १८६२ सालचा आहे. दीडशे वर्षांच्या वरचा माल. मोबाईलवर एकाने ह्याचे तीन लाख सांगितले आहेत. द्यावा की थांबावे?"

मी म्हणालो, "अण्णा, थांबावे. पण तीन लाखांसाठी नव्हे."

त्यांचा चेहरा उतरला, आणि तो का उतरला ह्याचे खरे कारण मला चहा झाल्यानंतर कळले. ते पुढे येईलच. परंतु त्यांनी विचारलेला प्रश्न आज घरोघरी विचारला जात आहे. आजीच्या पेटीत, देव्हाऱ्याच्या मागच्या कोनाड्यात, लक्ष्मीपूजनाच्या तबकात चारदोन जुनी नाणी नाहीत असे घर आपल्याकडे विरळा. आजवर ती पूजेपुरती बाहेर निघत. आता प्रत्येकाच्या खिशात एक बाजारपेठ आली आहे आणि त्या पेठेत ह्या नाण्यांना भाव आहे, असे कानांवर येते. हा बाजार चालतो कसा, त्यात भाव ठरतो कशाने, आणि त्यात आपल्या हातून नेमके काय जाते, हे समजून घेणे म्हणून आवश्यक झाले आहे.

नाण्याच्या भावाची चर्चा नाशिकला नवी नाही. पांडवलेण्यांतील दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात ह्याचा शिलालेख आहे. त्यात देणग्यांचा हिशेब आहे. तीन हजार कार्षापण गोवर्धन येथील कोष्ट्यांच्या श्रेणींकडे ठेव म्हणून ठेवले. पैकी दोन हजारांवर दरमहा शेकडा एक आणि एक हजारावर शेकडा पाऊण असे व्याज ठरले. पुढे सत्तर हजार कार्षापणांचा उल्लेख येतो आणि लगेच त्याचा सोन्यातला हिशेब मांडला आहे: पस्तीस कार्षापणांस एक सुवर्ण, ह्याप्रमाणे दोन हजार सुवर्ण. म्हणजे सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा नाशिकच्या बाजारातला चांदी-सोन्याचा दर आपल्या डोंगरात दगडावर कोरून ठेवलेला आहे. वर्तमानपत्रातल्या भावाच्या रकान्याला इतकी टिकाऊ जागा अद्याप मिळालेली नाही.

तेव्हा नाणे हे चलन होते आणि त्याचा दर म्हणजे धातूचा दर. पेशवाईतही मुख्यतः तेच होते. ठिकठिकाणच्या टांकसाळींचे रुपये एकाच वेळी बाजारात असत. आपल्या जिल्ह्यातील चांदवडची टांकसाळ तर प्रसिद्धच आहे. एका टांकसाळीचा रुपया दुसऱ्या मुलखात वटवायचा तर सराफ बट्टा कापून घेई. कस पाहणारा पोतदार सरकारी कामदार होता आणि त्याची नजर व कान ह्यांवर बाजार चाले. 'नाणे वाजवून घेणे', 'खणखणीत नाणे' हे आपल्या भाषेतले प्रयोग त्या काळाचे अवशेष आहेत. इंग्रजांनी १८३५ साली कंपनीच्या मुलखात एका वजनाचा आणि एका कसाचा रुपया सुरू केला, तेव्हा त्याचे वजन १८० ग्रेन म्हणजे ११.६६ ग्रॅम ठरले. आणि तेच आपल्या तोळ्याचे वजन. आपल्या आज्या सोने तोळ्याने मोजत, त्या खरे तर एका रुपयाने मोजत असत. ह्या रुपयात बारा भागांत अकरा भाग चांदी असे, म्हणजे सुमारे १०.७ ग्रॅम. १९४० साली हे प्रमाण निम्म्यावर आले आणि १९४७ साली चांदी जाऊन निकेल आले.

हे वजन लक्षात ठेवावे, कारण कोणत्याही राणीछाप किंवा राजाछाप रुपयाला एक तळाची किंमत असते, ती ह्या चांदीची. सराफ त्याच्याखाली सहसा जात नाही. त्या किमतीवर जे काही मिळते ते संग्राहकाचे, म्हणजे हौसेचे मोल. आणि हौसेचे मोल वयावर ठरत नाही. अण्णांची पहिली चूक इथे होती.

१८६२ हे साल त्या रुपयावर आहे खरे. पण सरकारने तेच साल गोठवून ठेवले आणि १८७४ पर्यंत त्याच आकड्याचे रुपये पाडले. मधल्या वर्षांची खूण म्हणून बारीक ठिपके काय ते दिले. बारा वर्षांचे उत्पादन एकाच सालाच्या नावावर जमा झाल्यामुळे १८६२ चा रुपया आज पैशाला पासरी नसला तरी दुर्मिळही नाही. ठिपक्यांच्या काही जाती मात्र कमी मिळतात. त्यासाठी भिंग लागते आणि अभ्यास लागतो. उलट १९११ सालचा पंचम जॉर्जचा रुपया पाहा. राजाच्या झग्यावरील पदकमालेत एक हत्ती होता. त्याची सोंड अशी आखूड निघाली की लोकांना तो डुक्कर वाटला. मुसलमान समाजात असंतोष उसळला, नाणे मागे घेतले गेले आणि १९१२ सालापासून हत्ती सुधारून काढला. ९० लाखांवर नाणी पाडली होती, त्यांतली सुमारे ७ लाखच बाहेर गेली, बाकीची आटवली. म्हणून एकोणपन्नास वर्षांनी तरुण असलेल्या ह्या नाण्याला अण्णांच्या रुपयापेक्षा कितीतरी अधिक मागणी आहे. १९३९ चा चांदीचा रुपया तर त्याहून लहान वयाचा आणि त्याहून दुष्प्राप्य. किती पाडली ह्याहून किती उरली, आणि उरलेली किती जणांना हवी आहेत, ह्या दोन गोष्टींवर भाव उभा राहतो.

आता बाजाराकडे येऊ. वीसपंचवीस वर्षांपूर्वीपर्यंत नाणे विकायला तीन दारे होती. एक सराफ, जो वजन पाही. दुसरा जुन्या वस्तूंचा दुकानदार किंवा फिरता बोहारी, जो गिऱ्हाइकाचा चेहरा पाही. तिसरा संग्राहक, जो नाणे पाही. पण तो गावात एखादाच असे आणि त्याचा पत्ता ठाऊक असावा लागे. ह्या तिघांच्या हाती मुख्य भांडवल पैशाचे नव्हते, माहितीचे होते. काय दुर्मिळ आणि काय सामान्य हे विकणाऱ्याला कळत नसे, विकत घेणाऱ्याला कळे. भद्रकालीच्या किंवा पंचवटीच्या बाजारात पिशवीभर शिवराई तांब्याच्या भावाने गेली आणि तिच्यातून एखादे अनमोल नाणे निघाले, अशा कथा जुन्या संग्राहकांच्या तोंडून मी पुष्कळ ऐकल्या आहेत. त्या सांगताना त्यांचे डोळे चमकतात. ज्याने पिशवी विकली त्याची कथा मात्र सांगायला कोणी नसते.

मोठ्या शहरांत छापील सूचीपत्रे काढून लिलाव करणाऱ्या पेढ्या उभ्या राहिल्या. मुंबईचे टोडीवाला आणि ओसवाल, अहमदाबादचे क्लासिकल न्युमिस्मॅटिक गॅलरी, बंगळूरचे मरुधर आर्ट्स ही नावे संग्राहकांच्या परिचयाची आहेत. तरीही तिथे जाऊन बसणारा माणूस सवडीचा आणि सधन असावा लागे. इंटरनेटने हे कुंपण मोडले. २००० साली 'बाझी डॉट कॉम' नावाची घरबसल्या लिलाव चालविणारी भारतीय पेढी निघाली. २००४ साली अमेरिकेच्या ईबेने ती विकत घेतली आणि पुढची चौदा वर्षे 'ईबे इंडिया' हे देशातल्या लहान संग्राहकांचे मोठे ठिकाण होऊन राहिले. २०१८ च्या ऑगस्टमध्ये ते बंद झाले. तोवर सवय जडली होती. आज लिलावपेढ्या स्वतःच संगणकावर बोली घेतात, २०२० च्या टाळेबंदीने तर ज्यांची तयारी नव्हती त्यांनाही ती करावी लागली; आणि व्हॉट्सॲप-फेसबुकवरच्या गटांत रोज रात्री जेवणे आटोपल्यावर छोटे छोटे लिलाव चालतात.

ह्या लिलावाची रीत थोडी समजून घेण्यासारखी आहे. समोरासमोरच्या लिलावात बोली हात वर करून चढते. संगणकावर आपण आपली कमाल मर्यादा आधीच लिहून ठेवतो आणि यंत्र आपल्या वतीने, लागेल तेवढेच, पुढे सरकते. समजा, एका शिवराईची बोली ५०० रुपयांपासून सुरू झाली आणि पायरी ५० रुपयांची आहे. एकाने मर्यादा लिहिली २,०००, दुसऱ्याने १,४५०. नाणे पहिल्याला मिळेल, पण २,००० ला नव्हे. दुसऱ्याची मर्यादा ओलांडण्यापुरते, म्हणजे १,५०० ला. भाव ठरविणारा माणूस जिंकणारा नसतो, हरणारा असतो, ही ह्या पद्धतीची गंमत. म्हणून ज्याला नाणे खरोखर हवे आहे त्याने आपली खरी मर्यादा एकदाच लिहून स्वस्थ झोपावे, हे उत्तम. परंतु मनुष्यस्वभावाला स्वस्थ झोप कुठली! पुष्कळजण शेवटच्या मिनिटाला उठून बोली चढवितात आणि सकाळी पस्तावतात. शिवाय विकणाऱ्याने आपलाच माणूस बसवून बोली फुगविण्याचा जुना प्रकार इथेही आहे. पडद्यामागे माणूस ओळखू येत नसल्याने थोडा सोपाच झाला आहे. आणि हातोडा पडलेल्या रकमेवर लिलावपेढीचे कमिशन व कर वेगळे पडतात, हे नवख्याला बिल आल्यावर कळते.

ह्या सर्वांतून एक मोठी गोष्ट मात्र चांगली झाली. मागचे भाव उघडे झाले. कोणते नाणे कोणत्या तारखेला कितीला गेले ह्याची नोंद आता घरी बसून पाहता येते. नाशिकच्या संग्राहकाला पूर्वी नाशिकमधली नाणीच ठाऊक असत. त्याला जे आयुष्यात एकदा दिसले ते तो दुर्मिळ मानी. आता तेच नाणे एका संध्याकाळी पाच गावांतून पाच जण विकायला काढतात. त्यामुळे मधल्या प्रतीच्या पुष्कळ नाण्यांचे पितळ, किंबहुना चांदी, उघडे पडले आणि जे सर्वत्र शोधूनही मिळत नाही त्याचा भाव वर गेला. पिशवीभर शिवराई तांब्याच्या भावाने देणाऱ्याला आज निदान विचारायला जागा आहे. हा न्याय लहान नाही.

पण पडद्यावर नाणे वाजत नाही. त्याचे वजन हाताला लागत नाही, कडा बोटाला लागत नाही. पोतदाराची तीनही इंद्रिये गेली, एक डोळा उरला. आणि तोही दुसऱ्याने काढलेल्या छायाचित्रावर भिस्त ठेवतो. खोट्या नाण्यांचा सुकाळ व्हायला ह्याहून अनुकूल हवा कोणती? साच्यात ओतलेले नाणे ठशाने पाडलेल्या नाण्यासारखे दिसते, पण अक्षरांच्या कडा मऊ असतात, अंगावर सूक्ष्म खळगे असतात आणि कडेला साच्याच्या सांध्याची रेघ घासून काढल्याची खूण दिसते. १९३८ च्या रुपयावरील आठाचा नऊ करून तो १९३९ चा म्हणून खपविणारे कारागीरही आहेत. शिवछत्रपतींच्या होनाची तर गोष्टच सोडा. महाराष्ट्रात त्या नाण्याला जी माया आहे तीच लबाडांचे भांडवल झाली आहे. साधा उपाय असा की रुपया विकत घेतला की प्रथम तो सराफाच्या तराजूत घालावा. ११.६६ ग्रॅमच्या जवळपास भरला नाही आणि झीजही दिसत नाही, तर शंका घ्यावी. लोहचुंबकाला चिकटला, तर शंकाही घेण्याचे कारण नाही.

विश्वासाची ही पोकळी भरून काढण्यासाठी अमेरिकेत १९८६ आणि १९८७ साली दोन मोठ्या पेढ्या निघाल्या. नाणे पारखून, त्याला प्रत ठरवून, प्लॅस्टिकच्या पेटीत कायमचे बंद करून, वर क्रमांक घालून त्या परत देतात. आपल्याकडचे चांगले रुपयेही आता अशा पेट्यांतून विकले जातात. प्रत ठरविण्याची एक ते सत्तर ही मोजपट्टी विल्यम शेल्डन नावाच्या अमेरिकन विद्वानाने १९४९ साली मांडली. पुढे असे सिद्ध झाले की, ह्याच गृहस्थांनी न्यूयॉर्कच्या नाणेशास्त्र संस्थेतील उत्तम प्रतीची नाणी काढून घेऊन त्यांच्या जागी आपली हलकी नाणी ठेवली होती. मोजपट्टी तरीही चालू आहे. ती चांगली असावी.

प्रतीचा विषय निघाला म्हणून एक सांगतो. नाशिक हे तांब्यापितळेच्या भांड्यांचे गाव. इथे चकचकीत नसलेली वस्तू गृहिणीला बघवत नाही. दिवाळीला देवांबरोबर जुनी नाणीही चिंच-मीठ लावून घासली जातात. त्या घासण्यात नाण्याचा वरचा नैसर्गिक थर जातो, बारीक ओरखडे उठतात, आणि संग्राहकाच्या लेखी त्याचे अर्धे मोल मोरीतून वाहून जाते. आमच्या घरचे चार रुपये असेच लख्ख झालेले आहेत. त्याबद्दल आता कोणाला बोलणार?

अण्णांचे तीन लाख आता सांगतो. त्यांनी जाहिरात वाचून एका नंबरवर आपल्या रुपयाचे चित्र पाठविले. अर्ध्या तासात फोन आला. बोलणारा फार आदबशीर होता. नाणे मंजूर झाले, रक्कम तयार आहे, फक्त नोंदणी शुल्क भरा. ते भरल्यावर रिझर्व्ह बँकेचे बोधचिन्ह असलेले पत्र आले आणि त्यात 'कर आगाऊ' मागितला होता. तोही त्यांनी भरला. तिसरा हप्ता मागितला तेव्हा त्यांना माझी आठवण झाली. "घरात सांगू नका," एवढे मात्र त्यांनी दोनदा बजावले. ह्या प्रकाराची ओळखखूण एकच: खरा गिऱ्हाईक पैसे देतो, मागत नाही. रिझर्व्ह बँकेने ४ ऑगस्ट २०२१ रोजी प्रसिद्धिपत्रक काढून स्पष्ट सांगितले आहे की, जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारात बँक पडत नाही, त्यासाठी कसलेही शुल्क वा कमिशन घेत नाही आणि तसा अधिकार तिने कोणाला दिलेला नाही. असे फसल्यास १९३० ह्या क्रमांकावर तत्काळ कळवावे. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी अडविण्याची आशा पहिल्या काही तासांतच असते. अण्णा तिसऱ्या आठवड्यात माझ्याकडे आले होते.

ह्याच जातीतला दुसरा प्रकार म्हणजे श्रीराम-सीतेचा दरबार किंवा मारुती कोरलेले, '१८१८' साल आणि ईस्ट इंडिया कंपनीचे नाव असलेले तांब्याचे 'नाणे'. कंपनीने अशी नाणी कधी पाडलीच नाहीत. ती मागाहून बनविलेली देवदेवतांची टिकली होय. परंतु ती तांदूळ ओढते, तिच्यात दैवी धातू आहे, परदेशात कोट्यवधींना जाते, अशा भूलथापांवर शहाणीसुरती माणसे जमिनी विकून बसली आहेत. २०१२ सालच्या वैष्णोदेवीच्या पाच-दहा रुपयांच्या नाण्यांचेही असेच. ती रोजच्या वापरात सोडलेली नाणी आहेत. भाविकाला प्रिय, बाजाराला नव्हेत. आणि ७८६ क्रमांकाच्या नोटेची हौस नाशिकरोडला, जिथे १९२८ पासून नोटा छापल्या जात आहेत, तिथेही आहे. कारखान्याच्या दाराशी राहून आकड्याला नमस्कार करणे ह्यात वाईट काही नाही. फक्त त्यासाठी कोणाला आगाऊ रक्कम पाठवू नये.

फसवणुकीने माणसाचे पैसे जातात. ह्या बाजारात आणखी एक वस्तू जाते, ती कोणी तक्रार केल्याशिवायच जाते, आणि मला तिचीच अधिक काळजी वाटते. ती म्हणजे नाणे सापडले ते ठिकाण.

१९०६ साली नाशिकच्या पूर्वेस गोदाकाठच्या जोगलटेंभी येथे चांदीच्या नाण्यांचा एक प्रचंड साठा निघाला. सुमारे १३,२५० नाणी! रेव्हरंड एच. आर. स्कॉट ह्यांनी ती तपासून मुंबईच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात निबंध लिहिला. सगळी नाणी नहपानाची होती; एका बाजूस राजाचा मुखवटा व भोवती ग्रीक अक्षरे, दुसऱ्या बाजूस बाण व वज्र आणि ब्राह्मी व खरोष्ठी लेख. मुखवटे इतके निरनिराळ्या वयांचे आणि वळणांचे की ते एकाच माणसाचे असतील काय, हाच प्रश्न पडावा. पण खरे आश्चर्य पुढेच होते. त्यांतली ९,२७० च्या आसपास नाणी दुसऱ्यांदा ठोकलेली होती. नहपानाच्या मुखवट्यावर आणि लेखावर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला डोंगराचा आणि उज्जैनी चिन्हाचा ठसा मारला होता.

पांडवलेण्यांतल्या तिसऱ्या लेण्यात गौतमीपुत्राच्या आईचा, गौमती नव्हे, गौतमी बलश्रीचा लेख आहे. आपल्या मुलाने क्षहरातांचा वंश निर्मूल केला असे ती माता त्यात सांगते. आईच्या तोंडची स्तुती इतिहासकार जपून घेतात. जोगलटेंभीच्या साठ्याने तिला साक्ष दिली. जिंकलेल्याचे चलन आटवण्याइतका वेळही न घालवता, त्याच नाण्यांवर आपला शिक्का मारून ती बाजारात परत सोडली गेली. आणि ठोकलेली व न ठोकलेली नाणी एकत्र पुरलेली असल्यामुळे हे संक्रमण चालू असतानाचा तो क्षणच जणू मडक्यात बंद होऊन राहिला होता.

आता कल्पना करा की हा साठा आज सापडला आहे. सापडणाऱ्याचा मुलगा त्यातले एक नाणे गटावर टाकतो. रात्रीत ते विकले जाते. दुसऱ्या आठवड्यात दहा, मग पन्नास. विकताना कोणीही 'जोगलटेंभी' हे नाव लिहिणार नाही, कारण लिहिले की तहसीलदार यायचा. 'जुन्या संग्रहातील' एवढेच लिहिले जाईल. वर्षभरात तेरा हजार नाणी तेरा राज्यांत. प्रत्येक नाणे खरे, प्रत्येक गिऱ्हाईक प्रामाणिक, प्रत्येक छायाचित्र उत्कृष्ट. आणि तेरा हजारांत नऊ हजार ठोकलेली, ह्या एका वाक्यात असलेला इतिहास मात्र कोणाच्याच पेटीत नाही. सुट्या नाण्यावरचा दुहेरी ठसा पुढेही दिसेल. तो एक चमत्कार म्हणून दिसेल. त्याचे प्रमाण, त्याची जागा, त्याचे शेजारी गेलेले असतील.

कायदा ह्याबाबत मुका नाही. १८७८ च्या गुप्तधनविषयक कायद्याप्रमाणे जमिनीत पुरलेले, दहा रुपयांहून अधिक किमतीचे धन सापडल्यास कलेक्टरला कळविणे बंधनकारक आहे. मालक न निघाल्यास, वेगळा करार नसेल तर, तीन हिस्से सापडणाऱ्याचे आणि एक जमीनमालकाचा अशी वाटणीही त्यात सांगितली आहे. परंतु सरकारला धन स्वतःकडे ठेवायचे असेल, तर द्यावयाची किंमत म्हणजे धातूचे मोल आणि वर त्याचा पाचवा हिस्सा. इथे सारी मेख आहे. १८७८ साली चांदीचे नाणे म्हणजे चांदी, हे गृहीत धरणे वावगे नव्हते. हौसेचा बाजार शेतकऱ्याच्या बांधापर्यंत आलेला नव्हता. आज खिशातले यंत्र त्याला सांगते की हे नाणे चांदीच्या कितीतरी पट भावाने जाते, आणि कायदा सांगतो की चांदी अधिक वीस टक्के घे. त्याच्या प्रामाणिकपणाची परीक्षा आपण फार महाग करून ठेवली आहे. इंग्लंडने १९९६ च्या कायद्यान्वये संग्रहालयाने घेतलेल्या धनासाठी बाजारभावाने बक्षीस देण्याची व्यवस्था चालविली आहे, आणि १९९७ पासून लहानसहान सापडलेल्या वस्तूंचीही, त्या मालकाकडेच ठेवून, ठिकाणासह नोंद करण्याची योजना तिथे चालते. आपला कायदा सुधारताना हे पाहण्यासारखे आहे, असे माझे मत आहे.

दुसरा कायदा १९७२ चा, पुरावस्तूंचा. शंभर वर्षांवरचे नाणे ही पुरावस्तू. घरात ठेवण्यास आडकाठी नाही. पण अशा वस्तूंचा व्यापार करायचा तर परवाना लागतो आणि ती देशाबाहेर पाठविणे हा गुन्हा आहे, ज्याला कमीत कमी सहा महिने आणि जास्तीत जास्त तीन वर्षे कैद आहे. परदेशच्या गिऱ्हाइकाने चांगला भाव दिला म्हणून टपालाने नाणे धाडणाऱ्या कॉलेजातल्या मुलाला हे ठाऊक नसते. विकण्याच्या पडद्यावर ते त्याला कोणी सांगतही नाही.

ह्या सगळ्यात नाशिककरांचे एक भाग्य आहे. त्र्यंबकच्या वाटेवर अंजनेरीच्या पायथ्याशी नाणेशास्त्र संशोधनाला वाहिलेली संस्था आहे. डॉ. परमेश्वरीलाल गुप्त आणि के. के. माहेश्वरी ह्यांनी ती १९८० च्या सुमारास उभी केली. मराठ्यांच्या टांकसाळींवरचा माहेश्वरी आणि विगिन्स ह्यांचा १९८९ चा इंग्रजी ग्रंथ, जो आज ह्या विषयावर सर्वत्र आधारभूत मानला जातो, तो लंडनहून नव्हे, ह्या अंजनेरीहून प्रसिद्ध झाला. त्र्यंबकेश्वराला जाताना आपण तिच्यावरून कितीदा गेलो असू!

अण्णांचे रुपये मी सराफाकडे वजन करून घेतले. सातही चांगले निघाले. एकाचा ठिपका भिंगाखाली पाहण्यासारखा आहे, तो वेगळा ठेवला. विकू नका असे मी त्यांना म्हटले नाही. गरज असेल तर माणसाने विकावे. एवढेच केले की सात कागदी पाकिटे घेतली आणि प्रत्येकावर वजन, साल आणि नाणे कोठून आले ते लिहायला बसलो. सहा रुपये त्यांच्या आईला लग्नात ओटीत आलेले होते. सातव्यापाशी ते थांबले.

"हा निफाडच्या शेतात विहीर खणताना वडिलांना मिळाला होता," ते म्हणाले. "आणखीही होते म्हणतात. पण ते कुठे गेले, कोणाला ठाऊक?"

मी पाकिटावर 'निफाड, विहीर' असे लिहिले आणि त्यांना साल विचारले. ते आता त्यांच्या थोरल्या बहिणीला विचारून सांगणार आहेत.